पद्मिनीचे तीन डबे भरून सुटे भाग: कुठून सुरुवात करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काकांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी गावाकडच्या एका गॅरेजमध्ये पूर्ण खोलली गेली, काम अर्धवट राहिलं, मेकॅनिकने धंदा बंद केला. आता बॉडी, खोललेलं इंजिन, गिअरबॉक्स आणि बिस्किटांचे तीन मोठे डबे भरून नट-बोल्ट, क्लिपा, वायसर, स्प्रिंगा असा ऐवज तुमच्या घरी आला आहे. तुम्ही पाच तुकड्यांचे फोटो पाठवलेत आणि विचारलंत, "हे कुठले आहेत आणि असे सगळे भाग ओळखायला एखादा तक्ता मिळतो का?"

पाच तुकड्यांबद्दल खाली सांगतो. पण तक्ता मिळाला तरी तुमची अडचण सुटणार नाही. डब्यातला तुकडा हातात घेऊन "हा कुठला" असं विचारत बसलात की दिवस जातो आणि डबा तेवढाच भरलेला राहतो, कारण एका आठ मिलीमीटरच्या बोल्टला गाडीत पन्नास घरं शक्य असतात. उलट गाडीवरचं एक रिकामं भोक घेतलं, तर त्याला लागणारा बोल्ट किती जाड, कोणत्या आट्याचा, किती लांब हे ते भोकच सांगतं. म्हणून माझ्याकडे अशी गाडी आली की मी डबे बाजूला ठेवतो आणि आधी रिकाम्या जागांची वही करतो. ओळख गाडीकडून डब्याकडे करायची.

हे किती सोपं जाईल ते गाडी कोणी खोलली यावर अवलंबून आहे. जुन्या वळणाचा मेकॅनिक असेल तर तो बोल्ट काढून झाल्यावर दोन-दोन आटे परत त्याच जागी लावून ठेवतो, आणि तुमचं निम्मं काम झालेलं असतं. पेंटरने घाईत खोलली असेल तर सगळं एका घमेल्यात जातं. शिवाय गाडी आयुष्यभर घरची होती, की मध्ये टॅक्सी म्हणून चालली, तिला गॅस किट बसवलं होतं का, डायनामो काढून ऑल्टरनेटर लावला होता का, हे काकांना विचारून घ्या. या उत्तरांनी डब्यातल्या काही तुकड्यांचा निकाल बसल्या जागी लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. काहीही धुऊ नका. डबा हातात आला की तो रॉकेलच्या ट्रेमध्ये ओतायचा ही आपल्याकडची पहिली हौस असते, आणि तिथेच अर्धा पुरावा वाहून जातो. बोल्टावरची घाण पत्ता सांगते. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलचा भाग असेल तर जाड ऑइलचा गंधकासारखा उग्र वास वर्षानुवर्षं जात नाही. इंजिनच्या बाहेरच्या बोल्टांवर तपकिरी, वार्निशसारखी भाजलेली तेलकट पुटं असतात. गाडीखालच्या भागांवर डांबरी अंडरकोट आणि माती, कोकणात फिरलेली गाडी असेल तर तांबडी. दाराच्या आतल्या स्क्रूंवर नुसती कोरडी धूळ आणि एका बाजूला बॉडीच्या रंगाची कड. रंगाचे दोन थर दिसले तर तो बोल्ट मागच्या रंगकामात न काढता वरून रंगवला होता, म्हणजे तो उघड्यावरचा आहे. हे सगळं आधी पाहून, वेगवेगळ्या ट्रेमध्ये टाकून, फोटो काढून घ्या, मग खुशाल रॉकेल वापरा. ब्रेकच्या जुन्या लायनरची आणि क्लचप्लेटची धूळ मात्र कॉम्प्रेसरने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

घाणीनंतर झीज. बोल्टाच्या डोक्याखाली गोल चकाकलेला ठसा असतो, तो वायसरचा. त्या ठशाचा व्यास मोजला की डब्यातला कोणता वायसर त्याच्याखाली होता ते कळतं. बोल्टाच्या गुळगुळीत दांडीवर एकाच बाजूला चमक असेल तर त्याच्यावर काहीतरी हलत होतं, म्हणजे तो पिव्होट आहे: पेडल, गिअरचं लिंकेज, हँडब्रेक. पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगला असल्याने तिथून गिअरबॉक्सपर्यंत सांधे, बुश, वायसर आणि स्प्लिट पिनांची अख्खी साखळी असते. डब्यातल्या "कुठेच बसत नाही" अशा बारीक वस्तूंपैकी बऱ्याच त्या साखळीतल्या निघतात. हे तुकडे गाडीखाली आडवं पडून, दांडा कोणाला तरी हलवायला सांगून शोधावे लागतात, टेबलावर बसून नाही.

आता आटे. इथे जरा थांबतो, कारण फियाटच्या गाडीत बहुतेक नुकसान इथेच होतं.

फियाट इटालियन, म्हणून पद्मिनीचे आटे मेट्रिक. 1964 ची डिलाइट, 1972 ची प्रेसिडेंट आणि 1974 पासूनची पद्मिनी, नावं बदलली तरी 1089 सीसीचं इंजिन तेच, त्यामुळे यांत्रिक भागांना हे तिन्हींत लागू. पण ज्या गॅरेजमध्ये तुमची गाडी खोलली तिथे शेजारी ॲम्बॅसिडर आणि महिंद्राची जीप उभी असणार हे गृहीत धरा. त्या गाड्यांचे बोल्ट इंची. आणि गोंधळ असा की पाऊण इंचाच्या आतले काही इंची आणि मेट्रिक बोल्ट नजरेला जुळे दिसतात. 5/16 इंची बोल्ट 7.94 मिलीमीटर जाड असतो, आपला आठचा बोल्ट आठ. दोन्हींच्या डोक्याला तेरा नंबरचा पाना बसतो. म्हणजे पान्यावरून काही कळणार नाही. जुने मेकॅनिक दोघांनाही "अडीच सूत" (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) म्हणून मोकळे होतात, तेव्हा "अडीच सुताचा दे" असं फियाटच्या बाबतीत कोणाला सांगू नका.

फरक आट्यांच्या अंतरात आहे. स्टीलची पट्टी बोल्टाला लावून वीस मिलीमीटरमध्ये आटे मोजा. आठचा मेट्रिक असेल तर सोळा भरतील, बारीक आट्याचा 5/16 इंची असेल तर जवळजवळ एकोणीस, मोठ्या आट्याचा इंची असेल तर चौदा. पिच गेज, म्हणजे आट्यांचं अंतर तपासायच्या दातेरी पट्ट्या, घेतलंत तर उत्तम, फार महाग नसतं. ते हाताशी नसेल तर माझी जुनी युक्ती: स्पार्क प्लग घ्या. प्लगचा आटा 14 मिलीमीटर जाडीचा आणि 1.25 मिलीमीटर अंतराचा असतो. प्लगचे आटे आणि बोल्टाचे आटे एकमेकांवर आडवे टेकवून उजेडाकडे धरा. दाते दात्यांत पूर्ण बसले, मधून उजेड आला नाही, तर तो 1.25 चा आटा. आठचे सर्वसाधारण बोल्ट आणि फियाटचे दहाचे बरेच बोल्ट याच अंतराचे असतात.

दहाच्या बोल्टाबद्दल मुद्दाम सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात "दहाचा बोल्ट द्या" म्हटलं की 1.5 चा मिळतो, कारण बाजारात तोच चालतो. फियाटने मात्र बऱ्याच ठिकाणी 1.25 वापरलाय. 1.5 चा बोल्ट 1.25 च्या भोकात दीड-दोन फेरे छान जातो, मग जड होतो, मग माणूस पाना लावतो. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. तिथे पाना लावला की आटे गेलेच समजा. नियम एकच ठेवा, बोटांनी चार-पाच फेरे सहज गेला तरच तो त्या भोकाचा.

बारीक स्क्रूंमध्ये आणखी एक सापळा आहे. ब्रिटिश वळणाच्या जुन्या इलेक्ट्रिकल भागांना बीए (ब्रिटिश असोसिएशन) या मापाच्या आट्याचे स्क्रू असतात. दोन नंबरचा बीए स्क्रू 4.7 मिलीमीटरचा, अंतर जवळपास पाचच्या मेट्रिक स्क्रूएवढंच. तो पाचच्या भोकात ढिला ढिला पूर्ण जातो आणि शेवटी पकडत नाही. "आटे झिजलेत वाटतं" म्हणून लोक भोक मोठं करून मोकळे होतात. आधी व्हर्नियर लावून जाडी मोजा.

आता वही. गाडीच्या नाकापासून सुरू करा आणि एका बाजूने फिरत या. प्रत्येक रिकाम्या भोकाला नंबर द्या, मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि चार गोष्टी लिहा: आटा कोणता, भोक आरपार आहे की बंद, बंद असेल तर किती खोल, आणि त्यावर काय बसणार. आटा तपासायला नवीन, खात्रीचे सहा, आठ, दहा, बाराचे बोल्ट गेज म्हणून खिशात ठेवा. बोल्टाची लांबी मग हिशोबाने निघते. बसणाऱ्या भागाची जाडी, अधिक वायसर, अधिक आत किती शिरायचं ते. लोखंडात बोल्टाच्या व्यासाएवढा तरी आत जायला हवा, ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट. बंद भोकात लांब बोल्ट गेला तर तो तळाला टेकून घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पॅकिंग मात्र ढिलंच राहतं. पुढे तेल गळायला लागलं की दोष पॅकिंगवर जातो.

वॉटर पंप, टायमिंग कव्हर अशा ठिकाणी वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट एकत्र येतात. तिथे सगळे बोल्ट आपापल्या भोकात हाताने नुसते घाला, फिरवू नका. सगळ्यांची डोकी कव्हरपासून साधारण सारखीच वर राहिली पाहिजेत. एखादं फार वर किंवा खाली दिसलं की अदलाबदल झालीय.

आता तुमचे पाच फोटो.

पहिला, अर्धचंद्राचा तुकडा. ही वुडरफ की, गॅरेजच्या भाषेत हाफमून चावी. शाफ्टच्या खाचेत बसते आणि पुली किंवा चाकाला फिरू न देता धरते. तुमच्या खोललेल्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाची खाच आणि डायनामोच्या शाफ्टची खाच, दोन्ही तपासा. चावीची जाडी खाचेशी जुळली पाहिजे, हातोडीच्या हलक्या टिचकीने बसली पाहिजे. बाजूने पाहिल्यावर चावीच्या मध्यावर पायरी दिसत असेल तर ती कातरली जात होती. नवी घ्या.

दुसरा, दोन स्टीलच्या गोळ्या आणि एक आखूड स्प्रिंग. आकारावरून या गिअरबॉक्सच्या वाटतात. गिअर बदलणारे फोर्क ज्या दांड्यांवर सरकतात त्या प्रत्येक दांड्यावर खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेली गोळी त्या खाचेत बसून गिअर जागेवर धरते. दांडा तेवढ्या गोळ्या असा हिशोब असतो, त्यामुळे दांडे मोजा. गोळ्या कमी पडल्या तर उरलेली बहुधा गिअरबॉक्सच्याच तळाशी आहे. ड्रेन प्लग काढून लवचीक दांडीचं चुंबक आत फिरवा. गोळ्यांबरोबर दांड्यांच्या मध्ये बसणाऱ्या बारीक आडव्या पिना असतात, दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून. त्या दिसायला अगदी किरकोळ, कोणीतरी कापून टाकलेल्या खिळ्याच्या तुकड्यासारख्या. त्या राहिल्या तर गिअरबॉक्स चालत्या गाडीत जाम होऊ शकतो. म्हणून डब्यातला गुळगुळीत टोकांचा कुठलाही आखूड पिनेचा तुकडा भंगारात टाकू नका. आणि गोळी अगदी मोहरीएवढी असेल तर ती गिअरबॉक्सची नाही, कार्ब्युरेटरच्या पंपातली आहे.

तिसरा, पितळेचा, आरपार बारीक भोक असलेला स्क्रू, त्यावर आकडा. हा कार्ब्युरेटरचा जेट. सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलीमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे 115 असेल तर 1.15 मिलीमीटर. साधारणपणे पन्नासच्या आसपासचा आकडा पायलट जेटचा, शंभराच्या थोडा वरचा मेन जेटचा आणि त्याहून बराच मोठा एअर जेटचा. नेमके आकडे तुमच्या कार्ब्युरेटरच्या मॉडेलवर अवलंबून आहेत, तेव्हा त्याच्या अंगावर काय कोरलंय ते पाहा. भोकात तार घालून साफ करू नका, पितळ मऊ असतं. थिनर आणि हवा पुरे.

चौथा, पातळ गोल चकत्या, सगळ्या वेगवेगळ्या जाडीच्या. या शिमा, दोन भागांमधली मोकळीक भरून काढायच्या. यांच्या बाबतीत "कुठली" हा प्रश्न अर्धाच आहे. आतल्या व्यासावरून शाफ्ट सापडेल, किंग पिन, डिफरन्शियल, गिअरबॉक्स, डिस्ट्रिब्यूटर यांपैकी काहीतरी. पण कोणत्या जागी कितीची शिम हे त्या वेळच्या झिजेनुसार मोजून ठरवलेलं होतं. नवे बेअरिंग, नवे बुश टाकलेत की जुनी शिम बरोबर असण्याची खात्री नाही. मायक्रोमीटरने जाडी मोजा, प्रत्येकीच्या पाकिटावर लिहा, आणि जोडणीच्या वेळी प्ले (मोकळीक) मोजूनच निवड करा. डिफरन्शियलचं काम ज्याने पूर्वी केलंय अशाच माणसाकडून करून घ्या.

पाचवा, स्प्रिंगच्या तारेची वाकडी क्लिप. दाराच्या आतल्या पॅडची दिसते. दाराच्या पत्र्याला कडेने गोल भोकांची रांग आहे, त्यात दाबून पाहा. अशा क्लिपा हव्या तेवढ्या मिळतात, त्यावर डोकं खपवू नका.

डब्यातलं सगळं तुमच्या गाडीचं नसतं हे विसरू नका. गॅस किट लावलेल्या गाडीच्या डब्यात पितळेच्या फेरूल, टी-जोड, पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड, त्याचे पट्टीचे ब्रॅकेट असा माल निघतो. तो मूळ गाडीत शोधायला गेलात तर जन्मभर सापडणार नाही. सात मिलीमीटरचा नट दिसला तर आधी बजाजची स्कूटर आठवा. झगझगीत पिवळट प्लेटिंग असलेला बोल्ट अलीकडचा बदली आहे, जागा कदाचित बरोबर असेल, पण मूळचा नाही. बोल्टाच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असेल तर मेट्रिक, आणि तीन किंवा सहा आरे कोरलेले असतील तर इंची. जुन्या करड्या प्लेटिंगला कोरडं घासू नका, कॅडमियम असण्याची शक्यता असते, आणि त्याची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

काही भाग तर फक्त माप घेण्यापुरते ओळखायचे. स्प्लिट पिना, तांब्याचे वायसर, दुमडायची लॉकप्लेट, सर्क्लिप, नायलॉनच्या कड्याचे नट. माप लिहा, नवीन आणा, जुने टाका. ब्रेकच्या पाइपच्या जोडावरचा तांब्याचा वायसर एकदा दबला की दबला. वाचणारे पैसे दोन चहांचेसुद्धा नाहीत.

स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेंशन आणि प्रोपेलर शाफ्ट या चार ठिकाणी अंदाजाने काहीही बसवायचं नाही. "बसतोय ना, मग हाच असेल" हे तर्कट क्रोमच्या पट्टीला चालेल. टाय रॉडच्या (स्टिअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या दांड्याच्या) जोडीत एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे "आटे बसत नाहीत" म्हणून तिथला नट बाजूला टाकला गेला असेल तर तो उलट्या दिशेने फिरवून पाहा. इंजिनात क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वायसरवर तेलाच्या खाचा असतात, त्या क्रँकच्या बाजूला. उलटा बसवलात तरी तो बसतो, म्हणूनच जपायचं.

कागदपत्रांत मला वर्कशॉप मॅन्युअलपेक्षा पार्ट्स कॅटलॉग जास्त कामाचा वाटतो. मॅन्युअल कसं खोलायचं ते सांगतं, कॅटलॉगमध्ये प्रत्येक भाग सुटा करून क्रमाने काढलेला असतो, वायसरसकट. इटलीच्या फियाट 1100 चा कॅटलॉग मिळाला तरी घ्या, पण कुर्ल्याला बनलेल्या गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान आणि बारीकसारीक फिटिंग काळाच्या ओघात देशी होत गेलं, तिथे तो जुळणार नाही. त्यासाठी कोणाची तरी न खोललेली पद्मिनी गाठा. तासभर टॉर्च आणि मोबाइल घेऊन तिच्याखाली पडलात तर कॅटलॉगची कसर भरून निघते. तुमच्याच आसपासच्या सालातली असेल तर बरं.

मालासाठी मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाले गिऱ्हाईक होते तोवर दुकानदार हा माल भरून ठेवत, आता संपला की संपला असं बरेच जण सांगतात. म्हणून वहीत जे "डब्यात नाही" असं ठरेल त्यातले गिअरबॉक्सचे आणि किंग पिनचे भाग आधी शोधायला लागा. नट-बोल्ट कधीही मिळतील. दुकानात जाताना जुना तुकडा बरोबर न्या, आणि तो देऊन बदल्यात नवा घ्यायची वेळ आली तर गाडीत बसवून पाहिल्याशिवाय जुना हातातून सोडू नका.

वही पूर्ण झाली की जी भोकं आणि जे तुकडे उरतील त्यांचे फोटो पाठवा. फोटोत शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, एक समोरून आणि एक कडेने असे दोन काढा, आणि घाणीचा वास कसला येतो तेही लिहा.